फळीकाका

घरात शिरलेला माणूस आधी यजमानाकडे बघतो, मग बसायला जागा कुठे आहे ते बघतो आणि चहा येईपर्यंत भिंतीवरच्या टीव्हीकडे बघतो. फळीकाका टीव्हीच्या खाली बघतात. पडद्यावर सामन्याचं शेवटचं षटक चालू असो की बातम्यांत एखादं सरकार पडत असो, त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कडेवरून घसरते आणि तिथून लोंबणाऱ्या तारांवर येऊन थांबते. एक काळी जाड, एक काळी बारीक, एक पांढरी, एक लाल-पिवळ्या-पांढऱ्या तोंडांची, आणि एक अशी की जी कुठून येते आणि कुठे जाते हे घरातल्या कर्त्या पुरुषालाही सांगता येत नाही. काका चष्मा वर सरकवतात, मान तिरपी करतात आणि यजमानाला विचारतात, "हे असंच ठेवणार का तुम्ही?"

यजमान ओशाळतो. इथे त्याची चूक होते. ओशाळलेल्या माणसाच्या भिंतीला दोन दिवसांत भोक पडतं.

फळीकाका हे काही एकाच माणसाचं नाव नाही. जबलपूरच्या पूर्वेला घमापूर चौकापासून कांचघर, लालमाटी, सिद्धबाबा अशा वस्त्या पसरत गेल्या आहेत, त्यांत गल्लीगणिक असा एक गृहस्थ सापडतो. हिंदी घरांतली पोरं आमच्या गल्लीतल्या काकांना 'पटियावाले दद्दा' म्हणतात. आम्हा उरल्यासुरल्या मराठी घरांत ते फळीकाका. वय सत्तरीला टेकलेलं, कानावर सुताराची चपटी पेन्सिल, खिशात पाच मीटरचा टेप, स्कूटरच्या डिकीत पाणसळ. पाणसळ घेऊन लग्नाला गेलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बोलण्यात नागपूरचं 'करून राहिले' आणि जबलपूरचं 'हओ' एकाच वाक्यात सुखाने नांदतात. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. पुढे राज्यं वेगळी झाली, पण काकांच्या व्याकरणापर्यंत तो आदेश पोहोचलेला नाही.

हा माणूस असा का झाला हे कळायला तो नोकरीला कुठे होता हे बघावं लागतं. घमापुरातून रांझीच्या अंगाला निघालं की ज्या कारखान्यांच्या भिंती लागतात त्यातला सर्वांत जुना म्हणजे १९०४ सालचा, गन कॅरेज फॅक्टरी. खमरियाला दारूगोळा, व्हेइकल फॅक्टरीत लष्करी ट्रक आणि इथे तोफांचे गाडे. काका अख्खी नोकरी या गाड्यांपाशी होते. लोक तोफेची नळी बघतात, नळीची लांबी विचारतात, गोळा किती लांब जातो हे विचारतात. ती नळी कशावर बसली आहे, धक्का कोण खातं आणि धक्का खाऊन पुन्हा जागेवर कसं येतं, हे कुणी विचारत नाही. चाळीसेक वर्षं हे दुःख पोटात ठेवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गावभर भिंतीवर टांगलेले टीव्ही आणि त्यांच्याखाली निराधार लोंबणारे डबे दिसले. पुढचं सगळं ओघानेच आलं.

८ एप्रिल २०१९ ला धनुष तोफांची पहिली तुकडी याच कारखान्यातून लष्कराच्या हवाली झाली, त्या संध्याकाळी आम्ही पाचसातजण काकांच्याच घरी बातम्या बघत होतो. १५५ मिलिमीटरची तोफ, मारा ३८ किलोमीटरपर्यंत. सगळ्यांची छाती फुगली. काका पडद्याजवळ गेले, तोफेच्या चाकांपाशी बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, हे बघा!" आणि त्याच वेळी कुणाचा तरी पाय अडकून सेट-टॉप बॉक्स खाली आला. देशाची तोफ गेली आणि निळा पडदा आला. काका बराच वेळ त्या बॉक्सकडे बघत राहिले. ज्या गल्लीने ३८ किलोमीटर मारा करणाऱ्या तोफेला बैठक दिली, त्या गल्लीत पावशेर वजनाच्या डब्याला बैठक नव्हती. माझ्या मते फळीकाकांचा अवतार त्या क्षणाचा. काकू म्हणतात, नाही, रोग जुनाच होता, फक्त त्या दिवशी वर आला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. हा सगळा प्रश्न टीव्हीचं डोकं नाहीसं झाल्यामुळे उभा राहिला, आणि हे गल्लीत पहिल्यांदा काकांनीच ओळखलं. जुन्या टीव्हीला डोकं होतं. १९८७ साली रविवारी सकाळी ज्याच्यापुढे रामायणासाठी उदबत्ती लागायची, तो टीव्ही चार पायांच्या लाकडी पेटीत बसलेला असायचा. त्याला सरकती दारं होती आणि कुलूपसुद्धा. वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं, फुलांशेजारी भेडाघाटहून आणलेला संगमरवरी हत्ती. तारा दोनच, एक विजेची आणि एक छपरावरच्या अँटेनाची. पुढे केबल आली, तिची तार खिडकीच्या फटीतून आली. मग ३१ मार्च २०१३ ची मुदत आली. देशातल्या ज्या अडतीस शहरांत त्या दिवसानंतर डब्याशिवाय केबल दिसणार नव्हती, त्यांत जबलपूर होतं. घरोघर डबा आला आणि तोही हत्तीशेजारी, डोक्यावरच बसला. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला. डोकं गेलं, पेटी भंगारात गेली आणि डबा, डीव्हीडी, स्टॅबिलायझर, वाय-फायचा राउटर, हत्ती असं अख्खं कुटुंब एका दिवसात रस्त्यावर आलं. टीव्ही लावायला आलेल्या पोराने दोन स्क्रू, चार भोकं एवढं काम केलं, "हओ बड्डे, हो गया" म्हणाला आणि गेला. डबा त्याने तारेवर लोंबकळत सोडला. तो डबा पुढे काही वर्षं कुठे खिळ्याला सुतळीने बांधलेला, कुठे स्टुलावर, कुठे चक्क कूलरवर ठेवलेला असा मी पाहिला आहे. कूलरवर ठेवलेल्या डब्याला पाणी लागलं तेव्हा बातम्या देणारी बाई तिरपी झाली होती.

काकांची पहिली फळी स्वतःच्या घरातली. आजीच्या धान्याच्या कोठीचा सागवानी पाट त्यांनी त्यासाठी कापला. काकू त्यावर अजून बोलतात. ती फळी भिंतीला अगदी चिकटवून, सुबक, पॉलिश मारून लावली आणि तारा घालायची वेळ आली तेव्हा कळलं की तारेला मागून जायला वाट नाही. डब्याची सगळी भोकं पाठीला असतात. पिन लावली की ती दोन बोटं बाहेर येते. डबा आठ इंच आणि फळी आठ इंच, म्हणजे डबा नाकाने बाहेर लोंबणार. त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत दोन नियम लागू झाले. फळीची खोली दहा इंचांहून कमी नाही आणि फळी व भिंत यांच्यात दीड इंचाची फट. त्या फटीतून तारा पाठीमागे उतरतात, फळीच्या पोटाला उलटा ठोकलेला एक्स्टेन्शन बोर्ड असतो त्यात जातात, आणि समोरून बघणाऱ्याला फक्त फळी दिसते. आत्तापर्यंत मी तरी याहून चांगली युक्ती पाहिलेली नाही, आणि हे मी काकांना सांगत नाही, कारण सांगितलं तर ते आमच्याकडची तिसरी फळी ठोकतील.

पुढचे नियम असेच एकेका अपघातातून निघाले. एका घरी यजमानीणबाईंना डबाच नजरेआड हवा होता, म्हणून काकांनी सनमायका लावलेलं दार असलेलं छोटं कपाट केलं. दार लावलं की रिमोट चालेना. रिमोटचा किरण डोळ्यांना दिसत नसला तरी तो प्रकाशच. सनमायकातून तो काय जाणार? मग दार उघडून चॅनेल बदलायचं आणि दार लावायचं, या कामावर घरातल्या सर्वांत धाकट्याची नेमणूक झाली. दुसरीकडे राउटर पत्र्याच्या जाड पेटीत घातला आणि मागच्या खोलीतल्या सुनेचं ऑफिस बंद पडलं. पत्रा लहरी अडवतो, हे तोफांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही, पण पेटी इतकी सुंदर झाली होती की काकांनी दोन दिवस मोबाईल कंपनीलाच दोष दिला. तिसरीकडे मे महिना नडला. जबलपूरला मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाकडे निघतो. बंद खणात डबा तापला आणि दर अर्ध्या तासाने आपसूक झोपी जाऊ लागला. मग फळीला भोकं पाडली. भोकांची फळी गल्लीत लोकप्रिय झाली. काकांनी तिचं नाव ठेवलं 'हवाबंद नसलेली'. नावं ठेवणं हा त्यांचा प्रांत नव्हे.

विजेची तार डावीकडून आणि सिग्नलची उजवीकडून, हा त्यांचा आणखी एक हट्ट. उघड्या तारेवर पांढरी प्लास्टिकची केसिंग पट्टी, भिंतीला समांतर, वळणावर बरोबर पंचेचाळीस अंशांत कापलेली. टीव्ही उचलून पुढे ओढता यावा म्हणून तारेला मागे हातभर ढील. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी: 'क्र. १ डबा', 'क्र. २ साउंडबार', 'क्र. ३ नातू'. नातू म्हणजे त्याचा खेळायचा डबा. जी तार कुठेच जात नाही तिलाही त्यांनी चिठ्ठी लावली आहे: 'क्र. ७ चौकशी चालू'. फॅक्टरीत असा माल वर्षानुवर्षं पडून असे म्हणतात. तार उपटायचा धीर त्यांनाही होत नाही. काढली आणि कुणाचं तरी काहीतरी बंद पडलं तर?

टीव्ही किती उंचीवर लावायचा यावरून मात्र त्यांची गल्लीशी उघड दुश्मनी आहे. बसलेल्या माणसाचे डोळे आणि पडद्याचा मध्य साधारण एका रेषेत यावेत, हे कुठल्याही टेपला कळतं. पण आमच्याकडे टीव्ही दाराच्या चौकटीच्या वर लावायची पद्धत पडली आहे. कारण विचारलं तर सांगतात, पोरं हात लावतात, दिवाण खाली येतो, पाहुण्यांना उठताना डोकं लागतं. काका म्हणतात, "तो काय कंदील आहे का वर टांगायला?" सबंध मोहल्ला मान वर करून मालिका बघतो आणि सकाळी मानेला तेल लावतो. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांबद्दल मात्र ते आदराने बोलतात. बहुतेक कंपन्यांनी ही भोकं ठरलेल्या मापावर, १०० बाय १००, २०० बाय २०० मिलिमीटर अशी ठेवली आहेत. "एवढं एक जगानं शहाणपणानं केलंय. नाहीतर चार्जर बघा!"

आता भिंतीविषयी. घमापुरातली जुनी घरं जाड भिंतींची, चुना-मातीच्या जोडाईची. ड्रिल लावलं की भोक आठ मिलिमीटरचं पडत नाही, मुठीएवढी पोकळी पडते आणि गिट्टी तिच्यात हरवून जाते. तरुण इलेक्ट्रिशियन अशा वेळी मोठा स्क्रू ठोकतो आणि पैसे घेऊन निघून जातो. काका भोक खरवडतात, ओलं करतात, सिमेंटमध्ये लाकडी गुटका बसवतात आणि दोन दिवस भिंतीला हात लावू देत नाहीत. हे दोन दिवस त्या घरात टीव्ही जमिनीवर उभा असतो आणि सगळे गादीवर लोळून बघतात. डोळ्यांच्या रेषेत तो आयुष्यात तेवढाच येतो.

या सावधपणाला आणखी एक कारण आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर जबलपुरात जो भूकंप झाला, तो ज्यांनी पाहिला त्यांच्याशी फळीविषयी विनोद करू नये. त्या पहाटे गल्लीतली झाडून सगळी माणसं नेसत्या कपड्यांनी रस्त्यावर आली होती, आणि काकांच्या सांगण्यानुसार त्यांच्या घरातली एकही फळी पडली नाही. काकू म्हणतात, तेव्हा घरात फळीच नव्हती. पण तेव्हापासून मदनमहालच्या टेकडीवरची ती तोल सावरून बसलेली प्रचंड शिळा काकांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी येते. भूकंप आला आणि गेला, शिळा हलली नाही. "बैठक, बैठक!" असं म्हणून ते ब्रॅकेटवर टिचकी मारतात.

म्हणून प्रत्येक फळीची परीक्षा होते. तोफेची चाचणी मैदानावर होते तिला प्रूफ म्हणतात. काका फळीचंही प्रूफ काढतात. गव्हाची दहा किलोची पिशवी फळीवर चोवीस तास. ज्याच्यासाठी हे चाललंय तो डबा पावशेराचा असतो, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आला की काका मान हलवतात, यजमानाच्या घरी खव्याची जलेबी येते आणि पिशवी पुढच्या घराकडे निघते. त्या गव्हाचं पीठ करायचं राहूनच गेलंय, अशी काकूंची तक्रार आहे. गहू आता खाण्याच्या पलीकडे गेला असून फक्त वजन म्हणून नोकरीत आहे.

काकूंची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. त्यांचं म्हणणं, तारा लोंबत होत्या तेव्हा घर मोकळं होतं. मराठी घरात रिकामी फळी आठ दिवस टिकत नाही. सोमवारी काका डबा, राउटर आणि साउंडबार मांडून, तारा लपवून, लांब उभे राहून बघतात. मंगळवारी तिथे किल्ल्या येतात. बुधवारी रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचं बिल, नेलकटर. शुक्रवारी ग्वारीघाटाहून आणलेलं नर्मदेचं पाणी, बाटलीसकट. पुढच्या सोमवारी संगमरवरी हत्ती परत आलेला असतो. तो या देशोधडीतून कसा वाचला कोण जाणे. संक्रांतीनंतर तर वाणात आलेले सगळे डबे फळीवर. शेवटी तारा दिसत नाहीत हे खरं, पण डबाही दिसत नाही. रिमोट हत्तीच्या पोटावर आपटून परततो. काकूंनी यावर उपाय म्हणून सगळ्यावर विणलेला रुमाल टाकला तेव्हा काकांनी तो दोन बोटांनी उचलला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला, "अहो, त्याला श्वास घेऊ द्या!" काकू शांतपणे म्हणाल्या, "मला कधी विचारलंत?" त्या आठवड्यात काकांनी स्वयंपाकघरात चार फळ्या लावल्या, न सांगता.

काकांचा खरा विजय मात्र पुण्याचा. त्यांच्या भाच्याने तिकडे नवीन फ्लॅट घेतला. भिंतभर टीव्ही युनिट, मागून दिवे, एक तार दिसेल तर शपथ. काका गेल्या दिवाळीला बघायला गेले. सोफ्यावर बसले, चहा घेतला, पण काही बोलेनात. मामी काळजीत. भाचा म्हणाला, "मामा, कसं वाटलं?" काकांनी एवढंच विचारलं, "तार बदलायची झाली तर?" भाचा हसला. भिंतीत पाइप आहे, त्यातून ओढायची.

चार महिन्यांनी रात्री व्हिडिओ कॉल आला. चित्र फुटतंय, एचडीएमआयची तार बदलायची आहे आणि पाइपमधून तारेचं तोंडच जात नाही. पाइप अर्ध्या-पाऊण इंचाचा, वर दोन ठिकाणी काटकोनात वळवलेला. तारेचं तोंड त्याहून रुंद. काका उठून बसले. त्या रात्री त्यांनी भाच्याला पायजम्याच्या नाडीचं शास्त्र शिकवलं. नाडी निघाली की सुताराला काय, शिंप्यालाही ती परत घालता येत नाही, म्हणून नवी नाडी जुनीच्या टोकाला बांधून ओढायची. आणि शहाणा माणूस पाइपमध्ये एक सुतळी आधीपासून घालून ठेवतो. पाइप दोन इंची हवा, वळण हलकं हवं, आणि विजेची साधी लवचिक कॉर्ड प्लास्टरमध्ये गाडायची तर मुळीच नाही. "पण मामा, आता काय करू?" काकांनी आनंदाने श्वास सोडला. "आता? आता बाहेरून पट्टी मार. आणि खाली एक फळी घे. दहा इंच." पुण्यातल्या त्या लाखभराच्या भिंतीवर सध्या एक पांढरी केसिंग पट्टी आहे. वळणावर ती पंचेचाळीस अंशांत कापली नाही, एवढीच खंत.

काका स्वतः टीव्ही बघतात का? फारसा नाही. बघितला तरी चित्र पाचेक मिनिटं. मालिकेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टीव्ही असतो आणि त्याला एकही तार नसते, याचा त्यांना राग आहे. "वीज कुठून येऊन राहिली यांना?" असं ते विचारतात आणि उत्तर न मिळाल्यामुळे नायिकेच्या दुःखात त्यांना सहभागी होता येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी समोरच्या वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू आला. रेल्वेत नोकरीला, एकटा. सामान उतरलं तसे काका टेप घेऊन जिना चढले. मी मागोमाग गेलो, कारण अशा भेटी चुकवायच्या नसतात. खोलीत गादी, खुर्ची, पंखा. भिंत संपूर्ण कोरी. तार नाही, डबा नाही, टीव्हीच नाही.

"टीव्ही यायचाय?" काकांनी विचारलं.

"नहीं अंकल, सब मोबाइल में देख लेते हैं."

काका त्या भिंतीपुढे उभे राहिले. एवढी सरळ, प्लास्टर न फुगलेली भिंत घमापुरात सहज मिळत नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही, धंदा बसला. पोराने आम्हाला खुर्ची दिली, स्वतः गादीवर आडवा झाला आणि छातीवर मोबाईल धरून कुठला तरी सामना लावला. काका त्याच्या हाताकडे बघू लागले. मनगट वाकडं, कोपर हवेत, दर दोन मिनिटांनी हात बदलायचा. उशाशी चार्जरची तार पुरत नव्हती म्हणून तो भिंतीच्या बाजूला अंग चोरून पडला होता.

"हात दुखत नाही का रे?" काका म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढली. "उठू नको, तसाच पड. मला उशीपासून प्लगपर्यंत माप घेऊ दे."